पांढरीतले थर : इनामगाव आणि दख्खनचे पहिले शेतकरी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू करण्याचा प्रघात होता. नाणेघाटातील नागनिकेचा लेख, भाजे-कार्ल्याची लेणी आणि जुन्या बाजारपेठांत सापडणारी नाणी यांच्या आधाराने त्या काळाविषयी खात्रीने काही सांगता येत असे, पण त्याच्या पलीकडे पुराणांतल्या दंडकारण्याखेरीज अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नव्हते. नद्यांच्या काठावरील वाळू-गोट्यांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळत होती. मात्र तो शिकारी माणूस आणि लेणी कोरवणारे सातवाहनकालीन श्रेष्ठी यांच्यामधल्या दीर्घ काळात या भूमीवर कोण राहत होते, ते काय पिकवत आणि काय खात होते, आपल्या मृतांचे काय करत होते, या प्रश्नांना उत्तर नव्हते. ते उत्तर पुढच्या तीन दशकांत मिळाले, आणि ते एखाद्या ग्रंथातून किंवा शिलालेखातून आले नाही, तर गोदावरी, प्रवरा, तापी, भीमा व घोड या नद्यांच्या काठावरील मातीच्या टेकाडांतून आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील हसमुख धीरजलाल सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी ही टेकाडे खणून जो काळ उजेडात आणला, त्याला ताम्रपाषाण युग म्हणतात. तांब्याचा वापर सुरू झालेला होता, पण तांबे दुर्मीळ असल्याने रोजच्या कामाची बहुतेक हत्यारे दगडाचीच होती, असा हा काळ होय.

अशी टेकाडे ओळखण्याची खूण मराठी मुलखाला नवी नाही. गावाची वस्ती ज्या जागी असते तिला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणण्याची रीत येथे जुनीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी चुलीची राख, शेण, केरकचरा आणि पडक्या भिंतींची माती साचत राहिली की भोवतालच्या काळ्या जमिनीत ती जागा फिकट रंगाने उठून दिसते व हळूहळू उंच होत जाते. वस्ती उठून गेल्यावरही हे टेकाड शिल्लक राहते, आणि त्याच्या पोटात वस्तीचा सगळा काळ थरांच्या रूपाने रचलेला असतो. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, त्याच्यावर त्याच्या नंतरचा, असा क्रम लागतो. मध्येच कोणी खड्डा खणला असेल तर त्या खड्ड्यात पडलेली वस्तू जरी खोल मिळाली तरी ती वरच्या थराच्या काळातलीच धरावी लागते, म्हणून खड्ड्याची कड ओळखणे हे उत्खननातले फार नाजूक काम असते. थरांच्या या अभ्यासाला स्तरविज्ञान म्हणतात, आणि पुरातत्त्वातील बाकीची सगळी अनुमाने त्याच्यावर उभी असतात. पांढरीची माती खत म्हणून उत्तम असते, हे शेतकऱ्यालाही पूर्वापार ठाऊक आहे, आणि त्यामुळे अनेक प्राचीन टेकाडे गाड्या भरभरून शेतात पसरली गेली. त्यात कोणाचा दोष काढता येत नाही, पण झालेली हानी भरून निघण्यासारखी नाही.

संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे या गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या, आणि सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले. तेथे मिळालेली मातीची भांडी चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, टिचकी मारल्यास खणखणीत आवाज देणारी होती. त्यांच्या तांबूस-नारिंगी, झिलई नसलेल्या अंगावर काळ्या रंगाने तिरप्या रेषा, त्रिकोण, चौकटी अशी भौमितिक नक्षी काढलेली होती. लांब नळीसारखी तोटी असलेला चंबू आणि पोटाशी धारदार वळण घेतलेला वाडगा हे त्यांतले ठरावीक घाट. अशीच भांडी पुढे नेवासे, चांडोली, दायमाबाद, इनामगाव येथे व पश्चिम महाराष्ट्रातील कितीतरी टेकाडांवर मिळाली, तेव्हा पहिल्या शोधाच्या गावावरून या सबंध संस्कृतीला जोर्वे हे नाव पडले. तिचा काळ ठरवण्यासाठी कार्बन-१४ पद्धतीचा उपयोग झाला. सजीवाच्या शरीरातील किरणोत्सारी कार्बन त्याच्या मृत्यूनंतर ठरावीक गतीने घटत जातो व सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, म्हणून थरात सापडलेल्या कोळशात तो किती शिल्लक आहे हे मोजले की लाकूड कधी तोडले गेले याचा अंदाज येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रयोगशाळेने अशी मोजमापे करण्यास सुरुवात केल्यावर परदेशी प्रयोगशाळांवरचे अवलंबित्व कमी झाले, आणि दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात निश्चित झाला.

ज्ञानेश्वरीच्या परंपरेमुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन झाले, त्यातील एका लहान मुलाच्या दफनाचा उल्लेख येथे करायला हवा. त्या मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या भोकांत धाग्याचे तुकडे टिकून राहिले होते. दख्खनच्या हवामानात सूत किंवा कापड तीन हजार वर्षे टिकणे जवळजवळ अशक्य, पण तांब्यावर चढलेल्या गंजातील क्षार कुजवणाऱ्या सूक्ष्म जिवांना मारक ठरतात, त्यामुळे धातूला चिकटलेला तेवढाच धागा वाचला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात रेशमाचे आणि कापसाचे तंतू ओळखण्यात आले, तर घोड नदीकाठच्या चांडोली येथे अशाच मण्यांतला धागा जवसाचा निघाला. या समाजाला सूतकताई येत होती, हे एरवी मातीच्या चात्यांवरून केवळ तर्काने सांगावे लागले असते. ते या इवल्याशा तुकड्यांमुळे प्रत्यक्ष पुराव्याने सांगता आले.

या सर्व कामाचा कळस म्हणजे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर असलेले इनामगाव. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली येथे १९६८ पासून १९८३ पर्यंत काम चालले, आणि या कामाची पद्धत आधीच्या उत्खननांपेक्षा वेगळी होती. टेकाडात एखादा अरुंद खड्डा खोलवर नेऊन थरांचा क्रम लावणे याला उभे उत्खनन म्हणतात. त्यातून कालक्रम कळतो, पण वस्तीचे रूप कळत नाही. एकाच काळाचा थर दूरवर उघडा करत जाणे हे आडवे उत्खनन. ते खर्चाचे, वेळखाऊ आणि चिकाटीची परीक्षा पाहणारे असते, पण घरे, गल्ल्या, अंगणे, कोठारे यांचा परस्परसंबंध त्यातूनच उलगडतो. इनामगावात शंभराहून अधिक घरांचे अवशेष अशा रीतीने मोकळे केले गेले, आणि भारतीय उपखंडातील एखाद्या प्रागैतिहासिक खेड्याचे इतके सविस्तर चित्र फार थोड्या ठिकाणी मिळाले आहे. तेथील वस्तीचे तीन टप्पे मानले जातात. सुमारे इ.स.पू. १६०० ते १४०० हा माळव्यातून आलेल्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीचा, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वेचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वेचा.

पूर्व जोर्वे काळातील घर उत्खननात कसे दिसते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सर्वप्रथम लागते ती चोपून सारवलेली जमीन. तिच्या कडेने ओळीने काळसर, भुसभुशीत मातीची वाटोळी वर्तुळे दिसतात, आणि ती कुजून गेलेल्या लाकडी मेढींच्या खड्ड्यांची असतात. बुटक्या मातीच्या भिंती, त्यांवर मेढींच्या आधाराने कुडाचे काम आणि वर गवताने शाकारलेले उतरते छप्पर, अशी या आयताकृती घरांची रचना यावरून ठरवता येते. आत मातीची कड असलेली लंबगोल आगटी असे. एका बाजूला चार चपटे दगड मांडलेले सापडतात, आणि ते धान्याचे रांजण जमिनीपासून उचलून धरण्यासाठी होते, कारण ओल आणि उंदीर हे साठवणीचे वैरी. कणगीसाठी केलेले मातीचे वाटोळे ओटे आणि चुन्याने लिंपलेली पेवेही मिळाली आहेत. कणगी, पेव, आगटी हे शब्द ज्या मराठी वाचकाने आजोळी ऐकले असतील त्याला या घरात परके वाटू नये. ही घरे ओळींत बांधलेली असून ओळींच्या मधून वाट सोडलेली होती. वस्तीच्या पश्चिम अंगाला कुंभार, सोनार, मणी घडवणारे, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे होती, आणि कुंभाराची वाटोळी भट्टी तर बरीच शाबूत मिळाली.

हे लोक काय खात होते, ते कळण्यासाठी आगटीच्या आणि पेवाच्या तळाची माती पाण्यात कालवून तिच्यावर तरंगणारे जळके दाणे गोळा केले जातात, कारण अर्धवट जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही आणि हजारो वर्षांनंतरही आकारावरून ओळखता येतो. मु. द. काजळे यांनी केलेल्या अभ्यासातून इनामगावचे मुख्य पीक सातू म्हणजे जव हे होते, असे दिसून आले. त्याच्या जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख, वाल ही धान्ये होती आणि बोरांच्या आठोळ्याही मिळाल्या. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या व डुक्कर यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, त्यामुळे हे लोक मांसाहार करत होते याविषयी शंका राहत नाही. घोड नदीचे खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते, आणि तेथे गहू-जवासारखी हिवाळी पिके घेण्यासाठी पावसावर विसंबून चालणारे नव्हते. म्हणूनच वस्तीच्या पश्चिमेस मिळालेला दगडमातीचा लांब बांध आणि पाण्याचा पाट यांना मोठे महत्त्व आहे. नदीचे पुराचे पाणी वळवून ते शेतीला देण्याची ही व्यवस्था होती, असे उत्खननकारांनी मानले. असे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. त्यासाठी अनेकांचे हात एकत्र आणणारा आणि पाण्याची वाटणी ठरवणारा कोणीतरी लागतो.

तो कोणीतरी कोण असावा, याचे उत्तर ढवळीकरांनी वस्तीच्या मध्यभागी सापडलेल्या पाच खोल्यांच्या घरात शोधले. इतर घरांपेक्षा ते स्पष्टपणे मोठे असून त्याच्या शेजारची वास्तू केवळ पेवे आणि कणग्यांच्या ओट्यांनी भरलेली आहे, म्हणजे ते कोठार होते. गावाचा नायक तेथे राहत असावा व धान्याच्या रूपाने वसूल केलेला भाग त्या कोठारात साठवला जात असावा, हे त्यांचे अनुमान. कोठार नायकाचे होते की गावाने दुष्काळासाठी राखलेले होते, हे केवळ पेवांवरून ठरणार नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. मात्र त्या पाचखणी घराच्या अंगणात जे दफन मिळाले, त्यामुळे या अनुमानाला बरेच बळ येते.

इनामगावच्या दफनांची रीत अशी होती. लहान मूल वारले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत ते मूल घालीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. सोबत अन्नपाण्यासाठी वाडगा व तोटीचा चंबू असे. मेलेले मूल आईपासून दूर जाऊ नये अशी भावना या रीतीमागे असावी, असे अनेकांनी सुचवले आहे. प्रौढांना खड्ड्यात उताणे, उत्तरेकडे डोके करून निजवीत, पण पुरण्यापूर्वी त्यांची पावले घोट्याखाली तोडून टाकीत. मृताने भूत होऊन चालत जाऊ नये, घरापाशीच राहावे, यासाठी हे केले जात असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पाचखणी घराच्या अंगणातील दफनात मात्र चार पायांचा, फुगीर पोटाचा, कच्च्या मातीचा रांजण मिळाला आणि त्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष बसलेल्या स्थितीत होता. त्याची पावले शाबूत होती. जो नियम गावातल्या इतर प्रौढांना लागू होता त्यातून त्याला सूट मिळाली, आणि ही सूट त्याच्या हयातीतील स्थानाखेरीज दुसऱ्या कशाने समजावता येणे कठीण आहे. त्याच्यासोबत ठेवलेल्या एका भांड्यावर वल्ही असलेली नाव रंगवलेली आहे. ती मृताच्या परलोकप्रवासासाठी होती, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही, पण नदीकाठच्या गावात नावेचे चित्र दुसऱ्या कारणानेही काढले जाऊ शकते.

श्रद्धेचा आणखी एक पुरावा पूर्व जोर्वे काळातील एका घराच्या जमिनीखाली पुरलेला होता. कच्च्या मातीचे झाकणाचे लंबगोल पात्र, शीर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल अशा वस्तू तेथे एकत्र मिळाल्या. मूर्तीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला भोके असून त्यांत काडी घातली की मूर्ती बैलावर नेमकी आरूढ होते. शीरविरहित देवीच्या मूर्ती ऐतिहासिक काळातही दख्खनमध्ये मिळतात, म्हणून या मूर्तीकडे त्या परंपरेचा आरंभ म्हणून पाहिले जाते. मधल्या शतकांचे दुवे मात्र सलग हाती नाहीत. या मातीच्या वस्तू बाजारात कवडीमोलाच्या ठरल्या असत्या. एकत्र, पुरलेल्या अवस्थेत आणि घराच्या जमिनीखाली मिळाल्या, म्हणूनच त्या एका कुटुंबाच्या व्रताची किंवा नवसाची साक्ष देतात.

याच्या अगदी उलट गोष्ट दायमाबादची आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेले हे स्थळ इनामगावच्या कितीतरी पट मोठे, ताम्रपाषाण काळातील दख्खनचे बहुधा सर्वांत मोठे गाव. १९७४ मध्ये तेथे झाडाचे मूळ खणून काढताना एका गावकऱ्याला कांस्याच्या चार भरीव वस्तू मिळाल्या. दोन बैल जुंपलेला आणि उभा सारथी असलेला सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या वस्तूंचे एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. रथाच्या दांडीवर सारथ्यापुढे एक लहानसा कुत्राही उभा आहे, आणि बैलांच्या सडपातळ अंगाकडे पाहताना घडवणाऱ्याच्या हाताची सफाई थक्क करते. तरीही त्या कोणत्या काळातल्या, यावर एकमत नाही. पुढे सु. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननाच्या आधारे त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या गेल्या, आणि दायमाबादला उत्तर हडप्पा काळाचा थर खरोखरच आहे. परंतु धर्मपाल अगरवाल यांनी त्यांच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असल्याकडे लक्ष वेधून या कालनिर्णयावर शंका घेतली, कारण येथील ताम्रपाषाणकालीन इतर तांब्यात ते तसे आढळत नाही. उत्खननकाराने त्या थरात जागच्या जागी पाहिल्या असत्या, त्यांच्याशेजारी एखादी खापरी किंवा कोळशाचा तुकडा नोंदला गेला असता, तर हा वाद बहुधा उद्भवलाच नसता. कच्च्या मातीच्या त्या बैलाविषयी आज जितक्या खात्रीने बोलता येते तितके या भव्य रथाविषयी बोलता येत नाही, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

इ.स.पू. १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरा खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे गावे ओस पडली. इनामगाव टिकले, पण त्याचे रूप पालटले. ऐसपैस आयताकृती घरांच्या जागी लहान वाटोळ्या झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली आणि कचऱ्यात हरणांची हाडे वाढली. पाऊसमान घटले, शेती हाताबाहेर गेली आणि लोक पशुपालन व शिकारीकडे वळून अर्धभटके झाले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला, आणि तो अनेक वर्षे सर्वमान्य होता. पुढे जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी येथील सांगाडे आणि दात बारकाईने तपासले. बालपणी उपासमार किंवा मोठे आजारपण भोगलेल्या माणसाच्या दाताच्या इनॅमलवर आडव्या खाचा राहतात आणि त्या आयुष्यभर पुसल्या जात नाहीत, म्हणून दात हे एखाद्या समाजाच्या आरोग्याची नोंदवहीच ठरतात. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या हाडांचा अभ्यास मांडला. उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटल्याची चिन्हे त्यांना दिसली, पण त्याचे सगळे खापर अचानक कोरड्या झालेल्या हवेवर फोडण्यास त्यांनी नकार दिला. हा भाग आधीपासूनच निमशुष्क होता आणि ऱ्हासाची कारणे त्या समाजाच्या जगण्याच्या रीतीतही शोधली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे आहे. हा मतभेद शक्य झाला तो मुलांची काडीसारखी हाडे, दुधाचे दात आणि जळके दाणे थराच्या नोंदीसह गोळा करून डेक्कन कॉलेजात जपून ठेवले गेले म्हणून. त्या काळी अशा गोष्टींना पुराणवस्तू म्हणून कोणी मोजत नव्हते, तरीही सांकलियांच्या पिढीने ही दक्षता घेतली, हे तिचे मोठेपण म्हटले पाहिजे.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास इनामगावही उठले. नेवाशात जोर्वे वस्तीच्या वर मनुष्यवस्तीचा थर लागतो तो थेट ऐतिहासिक काळाचा, लोखंड वापरणाऱ्यांचा, आणि दोहोंच्या मध्ये ती जागा कित्येक शतके ओसाड होती. याच मधल्या काळात विदर्भात शिळावर्तुळे रचून मृतांना पुरणारे, घोडा आणि लोखंड बाळगणारे लोक राहत होते. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे त्यांची लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे. जोर्वे संस्कृतीची माणसेही विदर्भापर्यंत पोहोचली होती, हे अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील उत्तर जोर्वे थरांवरून सिद्ध झाले. तांब्याची कुऱ्हाड वापरणारे आणि लोखंड गाळणारे हे दोन समाज समोरासमोर आले असतील तर ते याच पट्ट्यात, आणि तेथील नद्यांच्या काठी अजून न खणलेली पांढरीची टेकाडे उभी आहेत.